तिसऱ्या ओळीपर्यंत

११ ऑगस्ट

चिरंजीव ठकू,

सुट्टी संपवून जाताना तू टेबलावर एक कागद विसरलीस. तो मी वाचला. विचारून वाचायला हवा होता, पण फोनवर मला काही ऐकू येत नाही हे तुला माहीत आहे. अडतीस वर्षं इस्पितळाच्या धुलाईघरातल्या घरघरीत कान गेले ते गेलेच. म्हणून लिहितो.

कागदाचं नाव आहे, 'समाजशास्त्र मायनर पूर्ण करण्यासाठी आवश्यक बाबी'. तुझ्या बापाला विचारलं, मायनर म्हणजे काय? तो म्हणाला, "मुख्य विषय संख्याशास्त्र, आणि त्याच्या पाठीवरचा हा धाकटा." धाकट्याला इतके नियम? सहा विषय हवेत. त्यातले तीन सक्तीचे. एकातही ठरावीक श्रेणीच्या खाली जायचं नाही. शेवटच्या सत्राच्या आधी अर्ज द्यायचा. मी चौथी पास माणूस, भिंगाने वाचतो, त्यामुळे एकेका ओळीला वेळ लागतो. पण वेळ लागला म्हणूनच एक गोष्ट दिसली.

सातवी ओळ बघ. 'मुख्य विषयात मोजलेला अभ्यासक्रम मायनरमध्ये मोजला जाणार नाही.' आणि तू खाली पेन्सिलीने सहा विषयांची जी यादी केली आहेस, त्यात पाचवा 'संशोधनातील संख्याशास्त्र' आहे. तो तू तिकडेही मोजला असणार. मग तुझे सहा नाहीत, पाचच आहेत. मी चुकत असेन तर देव पावला. पण चुकत नसेन तर तू ऐनवेळी अडकशील, आणि खिडकीवरचा कारकून खांदे उडवून सांगेल की नियम लिहिलेला होता.

तुझी आई म्हणते, "बाबा, परीक्षा तिची आहे की तुमची?" म्हणू दे. तू आधी विचार. तोंडी विचारू नकोस, लिहून घे. कोणाच्या तोंडी बोलण्यावर जाऊ नकोस. कशावरही सही करण्याआधी पुरतं वाच.

जेवतेस ना वेळेवर?

तुझा आबा

*

२० ऑगस्ट

प्रिय आबा,

तुम्ही बरोबर होता! दोन वर्षं मी, माझी मैत्रीण आणि आमचे मार्गदर्शक सर तो कागद बघत होतो, आणि कोणालाही सातवी ओळ दिसली नाही. खिडकीवरच्या बाईंनी संगणकात पाहिलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "कोणी काढलं हे शोधून?" मी म्हटलं, "आजोबांनी." त्या म्हणाल्या, "त्यांना इकडे पाठव. आमच्याकडे एक जागा रिकामी आहे."

आता अडचण अशी, की सहावा विषय म्हणून एकच गोष्ट मोकळी राहिली आहे. तिला क्षेत्रकार्य म्हणतात. वीस वर्षांहून जास्त काळ एकच काम केलेल्या एका माणसाची कामाची कहाणी त्याच्याच शब्दांत घ्यायची. नात्यातला माणूस चालतो. पत्रं चालतात. शेवटी सगळं टाइप करून त्या माणसाला वाचायला द्यायचं आणि संमतीपत्रावर त्याची सही घ्यायची. पंधरा मार्च शेवटची तारीख. हे माझं शेवटचं वर्ष, म्हणजे त्यानंतर संधी नाही.

माणूस कोण ते तुम्ही ओळखलं असेलच. सांगा ना आबा. धुलाईघरात शिरल्यावर पहिल्यांदा काय दिसायचं? कोणतं यंत्र कुठे होतं, कोण काय करायचं? काही गाळू नका. आमच्या प्राध्यापिका बाई म्हणतात, ज्याला सांगणारा 'त्यात काय सांगायचं' म्हणतो, तेच सांगण्यासारखं असतं.

जेवते आहे. वेळेवर नाही, पण जेवते आहे.

तुमची ठकू

*

३ सप्टेंबर

चिरंजीव ठकू,

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. मी चूक काढली आणि माझ्याच गळ्यात आली. माझ्यात लिहिण्यासारखं काय आहे? पण तुझा धाकटा विषय माझ्यामुळे अडला असं व्हायला नको, म्हणून लिहितो.

शिरल्यावर काही दिसत नसे. वाफ असायची. आधी पायांना कळायचं, कारण फरशी ओली आणि कोमट असे. मग डावीकडे मळक्या कपड्यांचा ढीग, त्यापुढे चार मोठी पिंपं, त्यात कपडे उकळत फिरायचे. मग पिळणारं यंत्र. आणि शेवटी उजव्या भिंतीला रोलर. दोन माणसं आडवी झोपतील एवढा लांब, आत वाफ भरलेली, त्यावर ओली चादर घातली की ती आत ओढून घेऊन पलीकडे वाळलेली, इस्त्री केलेली बाहेर टाकायचा. त्याच्या तोंडाशी लोखंडी जाळी असे, बोटं आत जाऊ नयेत म्हणून. दर शनिवारी साफसफाईला ती काढावी लागे. दोन्ही बाजूंना चार-चार नट, पाना लावून सोडवायचे, आणि दोन गडी असल्याशिवाय ती उचलत नसे. एवढी जड.

मी आधी ढीग वाहायचो, म्हणून मला 'गाठोड्या' म्हणत. नंतर रोलरवर आलो. चादर घालायला दोघं लागतात. दोन टोकं एकाने धरायची, दोन दुसऱ्याने, झटकायची, आणि कड रोलरला लावून एकदम सोडायची. 'सोड' असं डावीकडच्याने म्हणायचं, हा कामाचा रिवाज. डावीकडे मी. उजवीकडे एक बाई होती, तिला सगळे 'घडी' म्हणत, कारण तिच्यासारखी घडी कोणाला जमत नसे. तिच्या घड्यांचा ढीग हाताने चाचपला तरी एक कड पुढे-मागे लागायची नाही. नऊ वर्षं आम्ही एकाच चादरीची टोकं धरली. ती म्हणायची, "गाठोड्या, लग्नाच्या बायकोबरोबर तू एवढा वेळ उभा राहिला नसशील." तुझी आजी हे ऐकून हसायची.

घाण काय असायची ते लिहीत नाही. पण चादरीवरून आम्हाला कळायचं, कोणत्या खोलीत बाळ झालं आणि कोणत्या खोलीत माणूस गेलं. कोणी सांगत नसे. आम्हीही बोलत नसू.

पुढे मी मुकादम झालो. बस, एवढंच.

त्या संमतीपत्रावर काय लिहिलेलं असतं? आधी नमुना पाठव. सही कशाला लागते? मी सांगितलं हे पुरे नाही का?

तुझा आबा

*

१४ सप्टेंबर

प्रिय आबा,

तुमचं पत्र बाईंनी वर्गात वाचून दाखवलं. 'आधी पायांना कळायचं' इथे त्या थांबल्या. म्हणाल्या, हे कोणत्याही पुस्तकात मिळणार नाही.

संमतीपत्राचा नमुना सोबत आहे, सगळी अकरा कलमं. आई म्हणते, तुम्ही ताकसुद्धा फुंकून पिता. मग मला विचारावंसं वाटतं, आबा, दुधाने तोंड कधी पोळलं?

पुढचे प्रश्न. कामावर कधी अपघात झाले का? झाले तर त्याची नोंद कोण करायचं आणि कशी? आणि मुकादम कसे झालात, ते एका ओळीत उरकलंत. ते मला हवं आहे.

ठकू

*

१९ ऑक्टोबर

चिरंजीव ठकू,

उत्तराला उशीर झाला. चष्म्याची काडी मोडली होती.

अपघात म्हणजे भाजायचं. वाफेने हात भाजणं रोजचं. पायाला सोड्याच्या पाण्याने फोड यायचे. त्याची कोणी नोंद करत नसे, मलम लावायचं आणि कामाला लागायचं. एक मोठा झाला. घडीचा उजवा हात रोलरमध्ये गेला, मनगटापर्यंत. तिने जाळी बाजूला केली होती म्हणून झालं. तशी नोंद आहे. नंतर ती कामावर आली नाही.

मुकादम व्हायला विशेष काही करावं लागत नाही. जुना मुकादम निवृत्त झाला आणि साहेबांनी मला सांगितलं. माझं अक्षर बरं होतं.

तुझ्या कागदातली दहावी ओळ नीट बघितलीस का? हजेरी ऐंशी टक्के हवी. मागच्या महिन्यात तुला ताप होता तेव्हा चार दिवस गेले. डॉक्टरांची चिठ्ठी घेतलीस का? घेतली नसशील. आणि क्षेत्रकार्याचं पुस्तक किती पानी हवं ते लिहिलेलं नाही, ते विचारून घे, लेखी. संमतीपत्रातलं नववं कलम मला कळलं नाही. ज्यांची ओळख पटू शकते अशा इतर व्यक्ती, असं काहीतरी आहे. इतर कोण?

थंडी पडेल आता. लोकर घाल.

आबा

*

२७ ऑक्टोबर

प्रिय आबा,

चिठ्ठी घेतली होती. पानांची अट नाही, तेही लेखी विचारून घेतलं. काळजी करू नका.

तुमची दोन्ही पत्रं मी समोरासमोर ठेवून टाइप करत होते. एक गोष्ट जुळत नाही, म्हणून विचारते. तीन सप्टेंबरच्या पत्रात तुम्ही लिहिलंत, जाळीला आठ नट होते, पाना लागायचा, आणि दोन गड्यांशिवाय ती उचलत नसे. मग घडीबाईंनी ती एकटीने बाजूला कशी केली? कोणी मदत केली होती का? आणि नोंद कोणी केली, त्यावर कोणाची सही होती?

मी दोष शोधत नाही. बाईंनी शिकवलं आहे, दोन गोष्टी जुळल्या नाहीत तर विचारायचं. तुम्हीच नाही का सातवी ओळ माझ्या यादीशी ताडून पाहिलीत? तसंच हे.

ठकू

*

२ डिसेंबर

ठकू,

संमतीपत्राच्या चौथ्या कलमात लिहिलं आहे की सांगणारा केव्हाही, कारण न देता, माघार घेऊ शकतो. मी घेतो. माझी पत्रं परत पाठव. दुसरा माणूस बघ. तुझ्या बापाच्या ओळखीत एक बस चालवणारे आहेत, तीस वर्षं केलं त्यांनी.

आबा

*

११ डिसेंबर

प्रिय आबा,

पत्रं सोबत आहेत. एकही प्रत मी ठेवलेली नाही, टाइप केलेलंही पुसलं. नियम तसाच आहे, आणि नियम नसता तरी मी तेच केलं असतं.

दुसरा माणूस आता होणार नाही. विभागाकडे नाव दिलेलं असतं, ते नोव्हेंबरनंतर बदलत नाहीत. म्हणजे पदवीच्या कागदावर संख्याशास्त्र छापलं जाईल आणि त्याखालची ओळ छापली जाणार नाही. पदवी मिळेल. कोणी उपाशी मरणार नाही.

आईने लिहिलंय की तुम्ही जेवत नाही आहात आणि दुपारभर भिंतीकडे तोंड करून पडून असता. आबा, मी काही विचारणार नाही. पुन्हा कधीच विचारणार नाही. तुम्ही फक्त जेवा.

तुमची ठकू

*

६ फेब्रुवारी

चिरंजीव ठकू,

पत्रं परत पाठवतो आहे. आधीची तिन्ही. हे चौथं धर.

जाळी तिने काढली नव्हती. जाळीची चौकट तुटली होती आणि ती जोडून आणायला दिली होती. मी आणि पिंपावरचा गडी, आम्हीच ती उतरवून गाडीवर चढवली. ती लवकर येईना. घडी दोनदा साहेबांकडे गेली. साहेब म्हणाले, वरच्या खोल्यांतले रोगी काय उघड्या गादीवर झोपवू? काम थांबलं नाही. असे तीन आठवडे गेले.

त्या दिवशी चादर नव्हती, रोग्यांचे झगे होते. त्यांना बांधायला कापडी बंद असतात. एक बंद तिच्या मनगटाला गुंडाळला गेला. मी 'सोड' म्हटलं. तेवढं मी वेळेवर म्हटलं होतं. तिने सोडलं, पण बंदाने तिला सोडलं नाही.

चौथ्या दिवशी साहेबांनी मला खोलीत बोलावलं. पाच ओळींचा टाइप केलेला कागद होता. खाली लिहिलं होतं, 'वाचून पाहिले, बरोबर आहे.' साहेब म्हणाले, "साक्षीदार म्हणून सही कर, मशीन बंद आहे, सगळे खोळंबलेत." मी केली.

इतकी वर्षं मी तुझ्या आजीलाही सांगत आलो की न वाचता सही केली. ऑफिसची भाषा, माझं शिक्षण चौथी, मला काय कळणार? आजी बिचारी म्हणायची, अडाण्याला फसवलं त्यांनी. तुलाही मी तेच लिहिणार होतो. दोन महिने तेच लिहीत होतो आणि फाडत होतो.

मला वाचता येत होतं. हळू, पण येत होतं. पहिल्या ओळीत तारीख होती. दुसऱ्या ओळीत तिचं नाव. तिसऱ्या ओळीत, 'सदर महिला कामगाराने स्वतःच्या सोयीसाठी यंत्राची संरक्षक जाळी बाजूला केली होती.' ती ओळ मी पुरती वाचली. मग थांबलो आणि सही केली. तुझा बाप तेव्हा दोन वर्षांचा होता. हे कारण म्हणून लिहीत नाही, होता म्हणून लिहितो.

त्या कागदावर तिला घरी पाठवलं, रिकाम्या हाताने. पुढच्या वर्षी मी मुकादम झालो. माझं अक्षर बरं होतं.

सत्तेचाळीस वर्षं झाली. ती इस्पितळामागच्या गल्लीत तिच्या भाचीकडे राहते, अजून तिथेच आहे. मी निवृत्त होईपर्यंत पुढच्या दाराने कामावर जायचो, मागच्या दाराने कधी गेलो नाही.

तू हे घे. पण आता नववं कलम मला कळलं. इतर व्यक्ती म्हणजे ती. तिला विचारल्याशिवाय हे देता येणार नाही. तिला मी विचारतो. तू येऊ नकोस.

आबा

*

२० फेब्रुवारी

प्रिय आबा,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. त्यावर काय लिहावं मला कळत नाही, आणि उगाच काही लिहून तुम्हाला बरं वाटायला लावणं हेही मला बरोबर वाटत नाही.

बाईंना मी सगळं सांगितलं. पहिल्या सांगणाऱ्याचंच नाव आहे म्हणून विभाग चालवून घेईल. टाइप केलेली अकरा पानं सोबत आहेत. दोन संचांपैकी एक घडीबाईंकडे ठेवायचा. संमतीपत्रंही दोन आहेत. सही कोणत्याही हाताची चालते, अंगठाही चालतो, हे मी लेखी विचारून घेतलं आहे.

एकच मागणं आहे. त्यांना सगळं वाचून दाखवा. चौथं कलमही. विशेषतः चौथं.

आणि जाताना गरम कपडे घाला. बघा, मीही तुमच्यासारखी झाले.

ठकू

*

१० मार्च

चिरंजीव ठकू,

काल जाऊन आलो. तारीख जवळ आली म्हणून लगेच लिहितो.

दार भाचीने उघडलं. तिच्या शिवणयंत्राने अर्धी खोली अडवली आहे. खिडकीशी खुर्चीत घडी बसली होती. मी पार म्हातारा झालो आहे, केस गेले, दात गेले, पण तिने मान वर केली आणि म्हणाली, "गाठोड्या. आलास होय. मला वाटलं, आधी मरशील."

मी म्हटलं, "माझ्या नातीचा एक कागद आहे."

"तुझ्या हातात कागद बघून मला धडकीच भरते," ती म्हणाली. "कोणाची सही हवी आहे?"

"तुझी."

ती हसली. भाचीला म्हणाली, "यंत्र बंद कर गं. या माणसाला ऐकू येत नाही. याला ओरडून बोलावं लागतं, आणि हा आज वाचणार आहे."

मी वाचलं. अकरा पानं, दोन तास लागले. मध्ये भाचीने पाणी दिलं. सहाव्या पानापासून अपघात सुरू होतो. तिथे मला थांबायचं होतं. ती डावा हात मांडीवर ठेवून बसली होती. उजव्या हाताची बाही शिवून बंद केलेली आहे, इतकी नीट की कड कडेला लागलेली. तिसऱ्या ओळीचं जिथे लिहिलं आहे ते मी वाचलं. मान वर करायचं धैर्य झालं नाही.

ती म्हणाली, "हे मला माहीत होतं."

मी म्हटलं, "काय?"

ती ओरडली, "तुला वाचता येतं, हे मला माहीत होतं! नऊ वर्षं कपड्यांवरचे खोल्यांचे आकडे आणि नावं कोण वाचून सांगायचं मला? बायकोला फसवलंस, मला फसवणार होतास?"

ठकू, हे मला कधी सुचलंच नव्हतं. इतकी वर्षं मी जे लपवलं, ते तिच्यापासून लपलेलं नव्हतंच.

मग मी संमतीपत्र वाचलं. चौथं कलम वाचलं. केव्हाही, कोणतंही कारण न देता नकार देता येईल. ती म्हणाली, "परत वाच." मी परत वाचलं. "म्हणजे मला विचारताहेत?" मी म्हटलं, हो. "आणि मी नाही म्हटलं तर कोणी काही करू शकत नाही?" मी म्हटलं, नाही. "तुझ्या नातीचं अडेल?" मी म्हटलं, अडेल.

तिने खिडकीबाहेर पाहिलं. मग म्हणाली, "मग नाही."

भाची म्हणाली, "मावशी, अगं, पोरीचं वर्ष..." तिने तिला हाताने थांबवलं. "सत्तेचाळीस वर्षांत मला पहिल्यांदा कोणी विचारलं आहे. मला नाही म्हणून बघू दे."

कागद मात्र तिने ठेवून घेतले. मी निघालो.

आता नीट ऐक. मी सगळा कागद परत वाचला आहे. तिची ओळख पटेल अशी पानं, म्हणजे सहा ते आठ, काढून टाकली तर नववं कलम लागत नाही. उरलेली आठ पानं होतात, आणि पानांची अट नाही, तू लेखी विचारलं होतंस. माझी सही मी केली आहे, पुरतं वाचून. तेवढं दे. पाच विषय झाले आहेत, सहावा जाऊ देऊ नकोस. माझ्या पापाने तुझा विषय बुडाला असं मला मरताना वाटायला नको. पाच दिवस आहेत. ऐक माझं.

आबा

*

१८ मार्च

प्रिय आबा,

दिलं नाही.

तुम्ही म्हणता तसं करता आलं असतं. बाईही म्हणाल्या, नियमात बसतं. मी ती तीन पानं काढून वाचून पाहिलं. धुलाईघर, वाफ, कोमट फरशी, चादरींचे ढीग. आणि मग लगेच तुम्ही मुकादम होता. छान वाचलं जातं. कुठे खाचसुद्धा कळत नाही. तेच मला सहन झालं नाही. आबा, तो कागद दिला असता तर मीही तिसऱ्या ओळीपर्यंत वाचून सही केल्यासारखं झालं असतं.

खिडकीवरच्या बाईंनी माझ्या नावापुढे 'अपूर्ण' असं लिहिलं. म्हणाल्या, "आजोबांना सांग, मला वाईट वाटलं."

मी रडले, खोटं कशाला सांगू? पण घडीबाईंवर राग नाही. त्यांनी चौथं कलम वापरलं. मी तीन वर्षं हा विषय शिकले, पण ते कलम कशासाठी असतं हे मला तुमच्या पत्रातून कळलं.

हे त्यांना सांगाल का? त्यांच्यामुळे अडलं असं नाही, नुसतं, की दिलं नाही. अर्धवटही दिलं नाही. त्यांना माहीत असावं.

तुमची ठकू

*

१५ एप्रिल

चिरंजीव ठकू,

तुझ्या पत्रावर चार दिवस चिडून होतो. मग गेलो, मागच्या दाराच्या रस्त्यानेच.

तिला सांगितलं, नातीने दिलं नाही. अर्धवटही दिलं नाही. तिने माझ्याकडे मान वळवली. मग म्हणाली, "पोरगी कोणावर गेली?" मी म्हटलं, माझ्यावर नक्कीच नाही. "ते दिसतंच आहे," ती म्हणाली.

मग तिने गादीखालून कागद काढले. मला वाटलं, परत देते. पण त्यावर पेन्सिलीने लिहिलेलं होतं, मोठं, वाकडं, डाव्या हाताचं. हे अक्षर ती भाचीच्या मुलांबरोबर पाटीवर शिकली म्हणे, साठाव्या वर्षी. सातव्या पानावर 'तीन आठवडे' खोडून वर 'पाच' लिहिलं आहे. साहेबांकडे दोनदा गेली, तिथे 'दोनदा' खोडून 'चारदा'. समासात लिहिलं आहे, 'चौथ्या वेळी गाठोड्या दाराबाहेर उभा होता. आत आला नाही.'

मी ते विसरलो होतो, ठकू. खरंच विसरलो होतो. वाचल्यावर आठवलं. माझ्या हातात पाना होता.

"पुन्हा चुकीचं लिहून दिलंस," ती म्हणाली. "पाच आठवडे नव्हती जाळी. रोज मोजत होते मी. आता नीट लिही."

मी म्हटलं, "मग सही करशील?"

"ते मी तेव्हा बघेन. तुला काय घाई आहे? पोरीची तारीख तर गेली."

म्हणून आता मंगळवारी आणि शुक्रवारी जातो. ती सांगते, मी लिहितो, मग वाचून दाखवतो, मग ती खोडते. घरातल्या वह्यांचं एकही कोरं पान उरलेलं नाही. येताना ओळी आखलेले कागद आण, मोठ्या ओळींचे. हे कोणाला द्यायचं आहे, कुठे लागणार आहे, मला माहीत नाही, आणि मी विचारलंही नाही. तुझ्या पदवीच्या कागदावरची ती ओळ येणार नाही याचं मला वाईट वाटतं ते वाटतंच. ते जाणार नाही.

काल पहिलं पान पक्कं करून वाचायला घेतलं. तिसऱ्या ओळीवर आलो आणि थांबलो.

ती म्हणाली, "थांबलास का?"

मी म्हटलं, "चष्मा पुसतोय."

"पूस," ती ओरडली, मला ऐकू जावं म्हणून. "आणि पुढे वाच."

तुझा आबा